हिरवं टोक

जाजमाचं दुसरं टोक कोणी धरलं होतं?

हनुमंतानं हे पारावर विचारलं, दूध डेअरीवर विचारलं, एकदोघांची गचांडी धरूनही विचारलं. प्रवरेकाठच्या त्या गावात कोणालाच उत्तर देता आलं नाही. त्याचा थोरला भाऊ सहादेव लग्नाचं वऱ्हाड गेल्यावर समाजमंदिर आवरायला एकटाच थांबला होता. तिथंच छातीत कळ आली आणि तो गेला. लोक धावले तेव्हा तो भिंतीला टेकून बसलेला, आणि शेजारी जाजमाची घडी. काठाला काठ जुळलेला. ते लांबलचक जाजम एकट्याच्या बापालाही आवरणारं नव्हतं.

गावातल्या बायांनी घरोघरची जुनी लुगडी जोडून ते शिवलं होतं. बारसं, साखरपुडा, भजन, पोलिओचे डोस, दहाव्याचं जेवण, गावाचं सगळं त्याच्यावर झालं. समाजमंदिराला पगारी माणूस कधी नव्हता. झाडायला म्हातारी बनुबाई, बाकी हे दोघं भाऊ. माणसं पांगली की दोघं जाजम धरायचे. सहादेव कायम हिरव्या टोकाला, कारण तो तुकडा त्यांच्या आईच्या लुगड्याचा. हनुमंत रांगत होता तेव्हाच ती गेली. त्याला तिचा चेहराही आठवत नव्हता. सहादेव दोन हिसके द्यायचा, मग टोक घेऊन चालत यायचा. हनुमंत दरवेळी मान वर करायचा आणि घडी तिरकी व्हायची.

"माझ्या थोबाडाकडं काय बघतो? मी काय नवरी हाय का? काठाकडं बघ, येड्या!"

सहादेव गेल्यावर जाजम आवरायला कोणी पुढं येईना. परवा शेजारच्या आरतीच्या बाळाचं बारसं झालं. घुगऱ्या खाऊन माणसं निघून गेली. दुपार कलली होती.

"राहू दे पसरलेलं," पायरीवरून बनुबाई म्हणाली. "मी न्हाई बाबा आत यायची."

"दादा असं ठेवायचा व्हय?" म्हणत हनुमंत आत शिरला. दार ओढून घेतलं.

आत घुगऱ्यांचा आणि अगरबत्तीचा वास कोंडला होता. वीज गेलेली. त्यानं आपलं टोक उचललं आणि सवयीनं थांबला.

हिसका बसला.

त्यानं झटकन वर बघितलं. हिरवं टोक धप्पकन खाली पडलं. धुरळा उडाला. तिथं कोणी नव्हतं.

"दादा...?"

त्यानं पुन्हा टोक उचललं. या वेळी मान खाली घातली. बराच वेळ काही नाही. मग हिसका... आणि दुसरा. जाजम ताणलं गेलं. अनवाणी पावलं येऊ लागली, सावकाश. वर बघितलं तर दिसेल, पण टोक सुटेल. त्यानं हनुवटी छातीला टेकवली.

"काठाकडं बघ..." तो स्वतःलाच म्हणाला.

हिरव्या काठाचं उजवं टोक हातात आलं. देणारा अंगठा अर्धाच होता, दादाचा, कडबाकुट्टीत गेलेला. हनुमंताच्या डोळ्यांतलं पाणी जाजमावर टपटपलं.

डावं टोक दुसऱ्याच हातानं दिलं. बारीक, गार हात. काकणं किणकिणली. तो हात लगेच सुटला नाही. तान्ह्या लेकराची बोटं चाचपावीत तसा तो त्याच्या एकेका बोटावरून फिरला...

घडी कोपऱ्यात ठेवून तो बाहेर आला, कडी घातली. बनुबाई उभी राहिली होती.

"आत बाईमानूस हसलं का रं?" तिनं हळूच विचारलं. "एवढ्यात आवरलं? दुसरं टोक कोनी धरलं हुतं?"



तेवढ्यात आत जाजम झटकल्याचा आवाज आला. मग ते अंथरून, हातानं सारखं केल्याचा. बसायच्या आधी बाया करतात तसा.

बनुबाईनं त्याचं मनगट घट्ट धरलं. त्यानं दुसऱ्या हातानं, आवाज न करता, घातलेली कडी काढून ठेवली.