गालिच्यात मुरलेलं पाणी

त्या घरात दुपारची झोप इतकी दाट उतरायची, की भिंतीवरचं घड्याळसुद्धा दोन टोल्यांच्या मध्ये डुलकी काढून घ्यायचं. खोटं वाटत असेल, तर त्या घरच्या पुतणीला विचारा. तीच एका दुपारी, केसांत पांढरी भुकटी घेऊन, वहिनींच्या दारात उभी राहिली.

वहिनी खाजगी तपास करत. सोबतीला धाकटे दीर. अंगाने भारदस्त, डोक्याने सावकाश. सगळी गल्ली त्यांना भाऊजीच म्हणे.

पुतणीने सांगितलं ते असं. घरात छताचं काम चाललेलं. सकाळी प्लास्टरची नवीकोरी गोणी फुटली आणि बैठकीतला गालिचा पांढराफटक झाला. प्लास्टरवाल्याने सगळ्यांना बजावलं, यावर थेंबभरही पाणी पडू देऊ नका, मी जेवून येतो आणि कोरडाच झाडून काढतो. तो परतला, तेव्हा खिडकीतल्या वाटीतून काकूची अंगठी गेलेली. काकू आता नाहीत. अंगठी पुतणीच्या लग्नासाठी जपून ठेवलेली, आणि लग्न ठरलं होतं याच प्लास्टरवाल्याशी.

"काका म्हणतात, त्यानेच घेतली. संध्याकाळपर्यंत सापडली नाही, तर लग्न मोडलं म्हणून समज," ती म्हणाली.

"यात कुठेतरी पाणी मुरतंय," भाऊजी मान हलवत म्हणाले. प्रत्येक प्रकरणात ते हेच म्हणत.

गालिचा म्हणजे विणलेली बागच होती. वेली, पानं, मोठाली लाल फुलं. आणि त्यावर भुकटी अशी, जणू पहाटेचं धुकं उतरून परत जायचं विसरलंय. शोधाशोधीत घरातला प्रत्येकजण त्यावरून फिरला होता, तेव्हा ठशांचा काही उपयोग नव्हता. उन्हात कण तरंगत होते. भाऊजी आपोआप हळू बोलू लागले.

वहिनी गुडघ्यांवर बसल्या. पानांवर फुंकर मारली, भुकटी उडाली. फुलांवर मारली, काहीच उडालं नाही. मधल्या फुलावर त्यांचं बोट जरा रेंगाळलं.

प्लास्टरवाल्याने न सांगताच खिसे उलटे करून दाखवले. "काका मला पहिल्यापासून पाण्यात पाहतात. जावई म्हणून चालत नव्हतो, चोर म्हणून लगेच चाललो."

बाल्कनीत काकांची बहीण, म्हणजे पुतणीची आत्या, कुंड्यांशी भांडत होती. झारी भरून ठेवली होती, आता पाहते तर रिकामी, आणि माती कोरडी ठणठणीत. या घरात वस्तूंना पाय फुटलेत, असं तिचं म्हणणं. मग आवाज उतरवून म्हणाली, पाय तर भावालाही होते. लहानपणी झोपेत उठून शेजाऱ्यांच्या पलंगावर जाऊन पडायचा, आणि बोलणी आम्ही खायचो.

काका पलंगाच्या कडेला बसले होते. जेवून झोपलो, काही पाहिलं नाही, एवढंच म्हणाले. झोप कशी लागली, असं वहिनींनी विचारलं, तेव्हा त्यांचा चेहरा मऊ झाला.

"स्वप्नात ही होती. तिच्या जुन्या बागेत. म्हणत होती, पोरीसाठी काहीतरी लावा हो."

वहिनींनी वाकून त्यांच्या चपला सरळ केल्या. तळाला पांढरी, टणक खपली धरली होती.

मग त्यांनी सगळ्यांना बैठकीत बोलावलं.

"भाऊजी म्हणाले, पाणी मुरतंय. तेच शोधलं," वहिनी म्हणाल्या. "कोऱ्या प्लास्टरवर पाणी पडलं, की दगड होतो. हा गालिचा सगळा भुसभुशीत आहे, फक्त फुलं दगड झालीत. प्लास्टरवाला असं स्वप्नातही करणार नाही. साफ करणारा सगळा गालिचा भिजवेल, एकेक फूल निवडणार नाही. फुलांना पाणी घालतो तो माळी. झारी रिकामी, कुंड्या कोरड्या. आणि घरात एकाच माणसाच्या चपला ओल्या भुकटीत पडल्यात."

काकांनी पायांकडे पाहिलं.

"चोरी झालीच नाही, काका. झोपेत तुम्ही काकूंचं ऐकलंत. पोरीसाठी लावलंत."

वहिनींनी प्लास्टरवाल्याची पत्ती घेतली आणि मधल्या फुलावरचा उंचवटा अलगद उचकटला. खपलीच्या पोटात अंगठी होती, बी रुजायला घालावं तशी.

मग प्लास्टरवाला ब्रश घेऊन खाली बसला. आधी कोरडं झाडायचं, मग व्हॅक्यूमने ओढायचं, फुलं शेवटी कणाकणाने खरवडायची, असं तो पुटपुटत होता. काका त्याच्याशेजारी उकिडवे बसले आणि दुसरा ब्रश मागितला.

"मधलं राहू दे," ते म्हणाले. "आणि खिसे आत घाल. जावई वाटत नाहीस."

जिना उतरताना भाऊजी फुशारले. "मी म्हटलंच होतं, पाणी मुरतंय."

"मुरलं नाही, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "म्हणून तर सापडलं."

ते फूल अजून तिथे आहे. काका आडवे झाले, की आत्या झारी कपाटात कुलूप लावून ठेवते. तरी एखाद्या दुपारी फूल ओलं असतं, आणि किल्ली आत्याच्याच उशाखाली. खोटं वाटत असेल, तर जावयाला विचारा, पुसतो तोच.