पणजीचं वाक्य आणि पडताळ्या

सोमवारी ऊर्मीने लोककोशात एक वाक्य लिहिलं आणि चार मिनिटांत ते नाहीसं झालं. मंगळवारी पुन्हा लिहिलं, पुन्हा गायब. बुधवारी तिने तेच वाक्य तीनदा लिहिलं आणि तिन्ही वेळा हात चोळत बसली.

गोष्ट २०४९ सालची आहे. लोककोश म्हणजे जालावरचा सर्वांचा ज्ञानकोश. त्यात कोणीही लिहावं, कोणीही दुरुस्त करावं. ऊर्मी बोरखळीच्या शाळेत सातवीत होती. कोशातल्या शाळेच्या नोंदीत 'स्थापना १९७८' असं होतं. पण त्याआधी ऊर्मीची पणजी, द्वारकाबाई रोडे, गावातल्या हातमागाच्या शेडमध्ये मुलांना शिकवायची. तिचं नाव नोंदीत कुठेच नव्हतं, आणि शनिवारी हीच नोंद नव्या इमारतीच्या दगडावर कोरली जाणार होती. एकदा दगडावर कोरलं की संपलं. ऊर्मी रडकुंडीला आली होती.

शाळेच्या वाचनालयात पडताळ्या राहायचा. जेवणाच्या डब्याएवढा यंत्रमानव, लोककोशाने नोंदी तपासायला ठेवलेला.

"माझं वाक्य तूच खातोस ना?" ऊर्मीने विचारलं.

"खात नाही, काढतो. आणि का काढलं तेही शेजारी लिहितो. वाचलंस कधी?"

ऊर्मीने वाचलं नव्हतं. आपण सगळेच आधी चिडतो आणि कारण मागाहून वाचतो.

पडताळ्याने बदलनोंद (पानावर कोणी, कधी, काय बदललं याची यादी) उघडली. त्यात ऊर्मीचं वाक्य होतं, 'द्वारकाबाई रोडे या सर्वांत थोर शिक्षिका असून खरी शाळा त्यांनीच काढली.'

"सर्वांत थोर कशावरून?"

"आजी सांगते."

"आजी त्यांची कोण?"

"मुलगी. मी पणती."

"याला हितसंबंध म्हणतात (ज्याच्याबद्दल लिहायचं त्यात आपला फायदा किंवा माया गुंतलेली असणं). तू खोटं बोलतेस असं नाही. पण मायेच्या माणसाला दोष दिसत नाहीत. म्हणून संदर्भ लागतो (वाचणाऱ्याला स्वतः उघडून बघता येईल असा पुरावा), आणि तो शक्यतो तिऱ्हाइताचा."

ऊर्मीने 'स्थापना १९७८'वर बोट ठेवलं. "मग १९७८ला कोणाचा संदर्भ आहे?"

पडताळ्याने त्या ओळीचा संदर्भ उघडला. "शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या माहितीपत्रकाचा."

"म्हणजे संस्थेने स्वतःबद्दलच लिहिलंय. तोही हितसंबंधच की."

"बरोबर आहे तुझं. माझं तिथे लक्ष नव्हतं. त्या ओळीवर शंकेची खूण करतो."

ऊर्मी तडक मुख्याध्यापिका मोमीन मॅडमकडे गेली. दोघींनी जुनं कपाट उपसलं आणि गुरुवारी दुपारी तळातून शेरेबुक निघालं (तपासणीला आलेले साहेब आपलं मत ज्यात लिहीत ती वही). पहिल्याच पानावर लिहिलं होतं, '१२ ऑगस्ट १९७४. वर्ग हातमाग शेडमध्ये भरतो. शिक्षिका सौ. द्वारका रोडे. हजर मुले एकोणीस. वाचन उत्तम. गणित कच्चे, शिक्षिकेस सतराच्या पुढील पाढे येत नाहीत.'

मॅडमनी ते पान जिल्ह्याच्या खुल्या दप्तरसंग्रहात चढवलं. आता ते कोणालाही बघता येत होतं. ऊर्मीने 'सर्वांत थोर' आणि 'खरी शाळा' हे शब्द स्वतःच गाळले आणि 'वाचन उत्तम'पर्यंत सगळं उतरवलं.

"शेवटची ओळ राहिली," पडताळ्या म्हणाला.

"ती कोणाला हवीय?"

"गोड तेवढं उचललं तर निःपक्षपातीपणा (कोणाचीच बाजू न घेणं) राहत नाही. संस्थेने तेच केलं होतं. तिने फक्त आपल्या इमारतीचं साल सांगितलं."

"पण हे दगडावर येईल रे."

"हो," पडताळ्या म्हणाला.

ऊर्मी घरी गेली आणि तिने आजीला पान दाखवलं. ब्याऐंशी वर्षांची आजी शेवटची ओळ वाचून पोट धरून हसली.

"खरंच आहे गं. अठराचा पाढा आम्ही पोरं पाट्यांवर बघून म्हणायचो आणि आई आमच्या मागून म्हणायची. साहेबांना आमच्यातल्याच कुणीतरी चोंबडेपणानं सांगितलं." मग डोळे पुसून ती म्हणाली, "लिही सगळं. कुणी परक्या माणसानं तिला शिकवताना पाहिलं होतं, एवढं तरी लोकांना कळेल."

शुक्रवारी ऊर्मीने ती ओळही लिहिली आणि घड्याळाकडे बघत बसली. चार मिनिटं झाली. दहा झाली. वाक्य जागेवरच होतं.

आता त्या दगडापाशी पहिलीतली मुलं थांबतात, बोट ठेवून पणजीचं नाव वाचतात आणि अठराचा पाढा कोणाला येतो ते एकमेकांना विचारतात. ऊर्मीने आजीची पाढ्यांची आठवण जिल्ह्याच्या मासिकासाठी लिहून पाठवली आहे. ती छापून आली, की कोणीतरी तपासून कोशात घालेल.

ऊर्मी स्वतः घालणार नाही. ती पणती आहे.