समोरची गॅलरी

थोरल्या जावेला घराबाहेर काढायचं म्हणजे भिंतीतला गंजका खिळा उपटण्यातलाच प्रकार होता. मोठे दीर गेल्यापासून तिने उंबरठा म्हणून ओलांडला नव्हता. दिवसभर खिडकीशी बसायची आणि बसल्या जागेवरून सगळ्यांच्या कामात खोट काढायची. भाजी अळणी, इस्त्री कच्ची, दार किती जोरात आपटलं! घरातले सगळे वैतागले होते, पण धाकटीला कधी तिचा राग आला नाही. चष्म्याचं दुकान काढायचं तिने मनात घेतलं तेव्हा घरात एकटी थोरलीच तिच्या बाजूने भांडली होती.

म्हणून एका सुट्टीच्या दिवशी धाकटीने तिला जवळजवळ ओढतच शहरातल्या सगळ्यात उंच इमारतीवर नेलं. अगदी माथ्यावर काचेची गॅलरी होती. तिथून सगळं शहर दिसतं म्हणत.

"तुझ्या हट्टापायी आलेय हं," लिफ्टमध्ये थोरली म्हणाली. "वर चक्कर आली तर उचलून तूच आणायचंस."

"आणीन की, ताई."

"आणशील! पिठाचा डबा उचलताना कुंथतेस."

लिफ्टचं दार उघडलं आणि दोघींचा विरस झाला. ढग खाली उतरला होता. चारी बाजूंच्या काचांना ओला पांढरेपणा चिकटला होता, पलीकडे काही म्हणता काही नव्हतं. भर दुपारी छतातले दिवे लावलेले. गालिच्याला दमट वास येत होता. वारा जोर करी तेव्हा इमारत आतल्या आत कुरकुरायची. बाकावर एक म्हातारं जोडपं मुकाट बसलं होतं आणि दाराशी रखवालदार जांभया देत होता.

"पांढरी भिंत तर घरीही होती," थोरली म्हणाली. तरी ती काचेशी गेली आणि जराशाने तिने हाक मारली. "अगं, समोर पण एक इमारत आहे की."

ढगात थोडं लांब दिव्यांची एक रांग दिसत होती. खाली काच, काचेमागे माणसं.

धाकटी हसली. "ताई, ते आपणच. आत उजेड जास्त झाला की काचेचा आरसा होतो. दुकानात संध्याकाळी रोज बघते मी. बाहेर ढग आहे, म्हणून लांब वाटत असेल."

"मोठी आली चष्मेवाली!"

पण खरंच होतं ते. तिकडेही बाकावर म्हातारं जोडपं होतं. इकडच्या रखवालदाराने जांभई दिली, तिकडच्यानेही दिली. निळ्या शालीतली थोरली होती, तिला खेटून धाकटी. धाकटीने हात हलवून दाखवला. तिकडच्या धाकटीने हलवला.

मग थोरलीनेही हात वर केला.

समोरची निळी शाल हलली नाही.

धाकटीने डोळे बारीक केले. मधून ढग सरकतोय, नीट दिसलं नसेल, असं तिने स्वतःला समजावलं. थोरलीने पुन्हा हात हलवला आणि खाली घेतला. तो खाली आल्यावर तिकडचा हात सावकाश वर गेला.

"आरसा उशिरा दाखवतो का गं?" थोरलीने विचारलं. आवाजातली थट्टा गेली होती.

रखवालदार लांबूनच म्हणाला, "बाई, ढग असला की तिकडे फार वेळ बघू नका."

"का?"

"मला तेवढंच सांगायला सांगितलंय." त्याने तोंड फिरवलं.

थोरली एक पाऊल मागे सरकली.

समोरची एक पाऊल पुढे आली.

"चला ताई, खाली जाऊ." धाकटीने तिचा दंड धरला. तो बर्फासारखा गार होता. समोरची आता काचेला दोन्ही तळवे लावून उभी होती. चेहरा थोरलीचाच, पण हसरा. तसं हसू थोरलीच्या तोंडावर फार दिवसांत कुणी पाहिलं नव्हतं.

"मला धर," थोरली म्हणाली. "अगं, घट्ट धर मला."

"धरलंय, ताई."

दिवे गेले.

हातातला दंड हातातच होता. धाकटीने तो क्षणभरही सोडला नाही.

दिवे आले.

दंड उबदार होता.

"चल," थोरली म्हणाली. "छान होतं हं सगळं." आणि तीच पुढे चालू लागली. धाकटीने वळून पाहिलं. छतातले दिवे तसेच जळत होते, पण समोर नुसता ढग होता.

घरात आनंदीआनंद झाला. दार आपटलं तर थोरली हसायची. काम करताना गुणगुणायची. "वहिनी किती बदलल्या!" धाकटीचा नवरा म्हणाला. "तू आधीच न्यायला हवं होतंस." एके सकाळी धाकटीने मुद्दाम पाणचट चहा केला, साखरही घातली नाही. थोरलीने कप रिकामा केला आणि "सुरेख" म्हणाली. धाकटी न्हाणीघरात गेली, नळ सोडला आणि रडली.

काही दिवसांनी थोरली आपण होऊन दुकानात आली. "या चष्म्यातून अंधुक दिसतंय गं."

थोरलीचा उजवा डोळा लहानपणापासून अधू होता. चष्मा धाकटीनेच बनवलेला. तिने समोर अक्षरांचा तक्ता लावला आणि थोरलीचा डावा डोळा झाकला. अधू डोळ्याने थोरलीने तळची बारीक ओळ घडाघडा वाचली. मग उजवा झाकला. डाव्याने तिला सगळ्यात वरचं ठळक अक्षरही लागेना. धाकटीने पुन्हा तपासलं, यंत्र बदलून तपासलं. नंबर जुनेच होते. डोळ्यांची मात्र अदलाबदल झाली होती.

तिने खुर्ची जवळ ओढली. "हनुवटी इथे टेकवा, ताई."

तिने बारकी बॅटरी लावली आणि वाकून थोरलीच्या डोळ्यात पाहिलं. एरवी कुणाच्याही डोळ्यात वाकलं की काळ्या बाहुलीत तिचाच इवलासा चेहरा दिसायचा. इतकी वर्षं रोज दिसत होता.

आज तिथे चेहरा नव्हता. पांढरं होतं.

त्या पांढऱ्यात दिव्यांची रांग होती. काच होती. काचेमागे निळ्या शालीतली बाई दोन्ही मुठींनी काच बडवत होती. तोंड वासलेलं होतं. आवाज येत नव्हता.

"काय दिसलं?" थोरलीने विचारलं.

"काही नाही."

"मग ती बॅटरी घे बाजूला," ती मायेने म्हणाली. "उजेड दिसला की ती जास्तच करते."