सरावाचे आजोबा

जपानीच्या वर्गात तिने पहिल्यांदाच पाऊल टाकलं आणि तिची नजर कोपऱ्यातल्या खाटेवर गेली. छातीपर्यंत चादर ओढून एक तरुण निपचित पडला होता. नर्सच ती, पुस्तकांची पिशवी खाली टाकून तिने आधी त्याचं मनगट धरलं, नाडी बघायला.

"चालू आहे ना?" त्याने एक डोळा उघडून विचारलं.

ती दचकली. "तुम्ही... आजारी नाही?"

"मी आजोबा आहे. बाईंनी नेमलंय. आणि तुम्ही नापास. हात लावण्याआधी विचारलं नाहीत."

स्वारी होती वेल्डर. तिच्यासारखं त्यालाही नोकरीसाठी जपानलाच जायचं होतं; तिला वृद्धाश्रमात, त्याला जहाजांच्या कारखान्यात. त्याचा जपानीचा वर्ग नंतरचा, पण तो लवकर येऊन रेंगाळायचा, म्हणून बाईंनी त्याला सरावाचा म्हातारा केलं होतं. आणि तिकडच्या वृद्धाश्रमांत रीतच अशी की उठवताना, कूस बदलताना, साधी बाही वर करतानाही आधी तोंडाने सांगायचं, होकार मिळाला की मगच हात लावायचा.

मग रोज ती जपानीत म्हणू लागली, "आजोबा, आता मी तुमचा हात धरते हं... चालेल?" आणि बोटांवर ठिणग्यांचे बारीक डाग असलेला तो हात पुढे करून वेल्डर गंभीरपणे म्हणायचा, "चालेल." सोडायची वेळ आली की मात्र आजोबा अडून बसायचे.

"आजोबा, धडा संपला."

"म्हाताऱ्याला ऐकू कमी येतं."

हसू दाबत ती बाईंकडे बघायची. बाई खडू शोधत असायच्या. खडू त्यांच्या हातातच असायचा.

सगळं गोड होतं, पण एक दुखणं होतं. तिचं पाठांतर पक्कं आणि बोलणं कच्चं. मागच्या मुलाखतीत एक शब्द निसटला आणि तिच्या तोंडाला कुलूपच लागलं. आता पुढची मुलाखतही हुकली तर पुन्हा तोच दवाखाना, आणि आईचं "मी म्हटलंच होतं." वेल्डरची निवड तर केव्हाच झाली होती. तो महिनाअखेरीस निघणार होता, आणि ती उरलेले दिवस मोजायची.

मुलाखतीच्या दिवशी पडद्यावर तिघी बसल्या होत्या. मधल्या बाई वृद्धाश्रमाच्या प्रमुख, चेहरा इस्त्री केल्यासारखा. वेल्डर नेहमीसारखा आजोबा होऊन खाटेवर पडला आणि तिने सुरुवात केली. वाक्यं घडाघडा येत होती, आणि प्रमुखबाईंचे डोळे जड होत होते.

"आजोबा, आता उठून बसूया. चालेल?"

"नाही," वेल्डर जपानीत म्हणाला.

असं ठरलंच नव्हतं.

"उठून काय करू?" तो छताकडे बघत राहिला. "मला भेटायला कोण येतं?"

पाठ केलेलं सगळं उडून गेलं. ती खुर्ची ओढून त्याच्या डोळ्यांसमोर बसली. पडदा, प्रमुखबाई, काही आठवलं नाही.

"मी येते ना," ती मोडक्यातोडक्या जपानीत म्हणाली. "उशीर झाला तरी येते. तुम्ही रागावलात तरी येते. खिडकीपर्यंत जाऊया... दमलात तर परत निजवीन."

त्याने हात पुढे केला. "चालेल," तो हळूच म्हणाला.

पडद्यावर प्रमुखबाईंनी पेन खाली ठेवलं. ही मुलगी आम्हाला हवी, त्या म्हणाल्या, आणि लवकर पाठवा.

व्हरांड्यात येताच तिने त्याला गाठलं. रागाच्या भरात 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं तेही कळलं नाही.

"वेड लागलं होतं का तुला? माझ्या पोटावर पाय देत होतास."

"पाठ केलेलं म्हणताना एक शब्द निसटला की तू अडतेस. माणसाशी बोलताना कधीच नाही. मला खात्री होती."

"आणि ते 'कोण भेटायला येतं'? तेही माझ्यासाठीच का?"

तो कान खाजवू लागला. "नाही. ते... माझंच निघालं. तिकडे सुट्टीच्या दिवशी मला कोण भेटणार, हे बरेच दिवस मनात होतं."

"मग विचारायचं."

"धीर झाला नाही."

"मी उत्तर दिलंय. तिघींच्या देखत."

"ते आजोबांना होतं..."

"आजोबा कुठे आहेत इथे?" ती म्हणाली. तिचे कान तापले होते, पण आज तिची जीभ अडायला तयार नव्हती. "मला तू आवडतोस. नोकरी मिळाली म्हणून बोलत नाहीये. नसती मिळाली तरी तू जाण्याआधी सांगणार होते. आता तू बोल."

वेल्डर बोलला. इतका वेळ बोलत राहिला, की कागदांवर तिची सही राहिली आहे हे सांगायला बाईंना दोनदा बाहेर यावं लागलं.