काळपूरची आठ पावलं

"मागून कुणीही हाक मारली, अगदी माझ्या आईच्या आवाजात मारली, तरी मी वळणार नाही. तो शापाचा आवाज! कळलं?" संतोषमामाने बजावलं आणि गंजकी तलवार उपसली.

"मामा, तिनं लोणीसुद्धा कापलं जाणार नाही," आयुष म्हणाला.

"गप रे! मंत्रवलेली आहे ती!"

स्नेहल आणि आयुष सुट्टीत सातपूरहून सटाण्याजवळच्या मावशीकडे आले होते. त्यांना पोचवायला आलेला मामा मात्र खजिन्याच्या नादाने तिथेच राहिला. वीस वर्षं कारखान्यात इमानदारीने काम करणारा हा माणूस. पण कुणा मांत्रिकाने तलवार दिली आणि याची अक्कल गहाण पडली!

काळपूर म्हणजे डोंगराखालचं उजाड शहर. इथली जमीन माणसं गिळते, असं गावात सगळे सांगत. दिवस मावळत होता, तरी एक पाखरू ओरडत नव्हतं. मुलं चालायची थांबली, की जमिनीखालून कुणाचं तरी एक पाऊल उशिरा वाजायचं.

पडक्या कमानीवर तीन शब्द कोरले होते. मामाने ते आधीच पाठ केले होते. "आठ पावलं, भिंतीआड, शेकडो मोहरा!" असं म्हणत तो कमानीतून पलीकडे गेला. "एक... दोन..."

पायातला काटा काढून मावसबहीण तेजल मागून आली. ती इथलीच. तिने कमानीवरचं वाचलं, 'आठे आड शे', आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"अगं, ही अहिराणी आहे! आठे म्हणजे इथे. शे म्हणजे आहे. इथे आड आहे, विहीर!"

"मामा, थांब!" तिघंही किंचाळली.

मामाने तलवार घट्ट धरली. "फसवू नकोस, शापा! पाच... सहा..."

स्नेहल धावणार, तोच तेजलने तिला ओढलं. "नको! सगळीकडे काटक्या पसरल्यात. तूच आत जाशील!"

आयुषने दोन्ही हात तोंडाशी धरले. "भोंऽऽऽऽ!"

हुबेहूब कारखान्याचा भोंगा! पाळी सुटली! मामाचा उचललेला पाय तसाच मागे आला, तलवार खाली पडली आणि नजर घड्याळाकडे गेली. वीस वर्षांची सवय ती!

तेवढ्यात स्नेहलने मोठा दगड त्याच्या पुढ्यात भिरकावला. काटक्या कडकडल्या, दगड नाहीसा झाला. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग खूप खोलवर पाणी वाजलं.

"आई गं!" मामा पुटपुटला.

"आई गं," खालून कुणीतरी म्हणालं. तो प्रतिध्वनी होता, हे कळूनही कुणी हसलं नाही.

भोंगा ऐकून शेळ्या चारणारी गोजराबाई धावत आली. आडाकडे बघून ती मटकन खाली बसली.

"मना भाऊ फकिरा आठेच पडना," ती म्हणाली. मग तिने कमानीवरच्या अक्षरांकडे बोट दाखवलं. "मंग मी लिखाले शिकनू. पहिलं हाईच लिखं. इतला वरीस कोनी वाचं नही. पोरी, तू वाचं!"

तिने तेजलच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. स्नेहल आणि आयुषलाही जवळ ओढलं.

घरी पोचल्यावर मावशीने मामाला फैलावर घेतलं. तो मान खाली घालून सगळं ऐकत राहिला. मग तेजलकडे बघून मावशीला हळूच म्हणाला,

"ताई, हिने वाचलं, म्हणून मी वाचलो."