जे काही आहे

दर रविवारी तलासरीच्या ग्राहक सल्ला केंद्रात विनिता लोकांना कानीकपाळी ओरडून सांगायची: बँकेने जप्त केलेलं घर लिलावात खुशाल घ्या, पण आतून पाहिल्याशिवाय सही करू नका. आणि स्वतः बोर्डीचं घर घेताना तिने सीलबंद खिडकीच्या फटीतून डोकावून समाधान मानलं. विरारचा फ्लॅट विकून घेतलेलं घर. आता तिला दुसरं छप्पर नव्हतं.

ताब्याच्या दिवशी सकाळी अकराला बँकेच्या नितीनने दारावरचं दोन वर्षांचं सील तोडलं. मागे चिकूची वाडी, अंगणात पाचोळ्याचा खच, आणि आत फरशीवर धुळीचा कण नाही.

"फुकटात कोणाला राहायला दिलं होतंत?" विनिता कडाडली.

"मॅडम, किल्ली शाखेतच होती. आईशप्पथ."

स्वयंपाकघरामागे चौथ्या खोलीचं दार निघालं. बँकेच्या अहवालात खोल्या तीनच होत्या. दाराला बाहेरून कडी होती आणि आतून कोणीतरी सुपात तांदूळ पाखडत असल्याचा आवाज येत होता.

नितीनचा चेहरा उतरला. "कागदात लिहिलंय ना मॅडम, 'जसे आहे, जेथे आहे, जे काही आहे'. तुम्ही सही केलीय त्यावर."

"त्यात माणूस येतो?"

तिने त्याच्या हातातली जप्तीच्या वेळची यादी हिसकावली. पलंग, एक. पंखे, दोन. मिक्सर, एक. त्याखाली, बाई, एक.

"अक्षर माझंच आहे," नितीन म्हणाला. "पण लिहिल्याचं आठवत नाही."

विनिताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लाज कशी वाटत नाही या लोकांना! जिवंत बाईला मिक्सरच्या खाली लिहितात, सील ठोकतात आणि घराबरोबर विकून मोकळे होतात! तिने कडी काढली आणि तरातरा आत शिरली.

"चला बाई, बाहेर चला. घर गेलं खड्ड्यात, नको मला असला ताबा."

खोलीत कोणी नव्हतं. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं. जमिनीवर सूप होतं, आणि त्यातले तांदूळ अजून सरकत होते.

मागे कडी लागली.

"नितीन! दार उघडा!"

बाहेर कागद उलटल्याचा आवाज झाला. तो आजची यादी लिहीत होता, बोलून बोलून, एकसुरी.

"पलंग, एक. पंखे, दोन. मिक्सर, एक."

"अहो, मी आत आहे!"

पेन पुन्हा कागदावर खरखरलं.

"बायका, दोन."