जिवंत माणसाचा फ्लेक्स

चौकातल्या फ्लेक्सवर आपलंच थोबाड आणि खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' बघून जिनपाल कुंभोजे पोट धरून हसला. फोटोतला जिनपाल एकोणऐंशीचा, तोंडाचं बोळकं, गळ्याची कातडी लोंबलेली. फ्लेक्सखाली उभा होता तो पस्तिशीचा गडी. तोही जिनपालच.

हा उद्योग आदगोंडा मगदूमचा, दुसऱ्या कुणाचा असणार! दोघांनी मिळून आयुष्यभर अख्ख्या मिरजेला पिडलं होतं. एकदा तर भर वरातीतून नवरदेवाचा घोडा पळवला होता, नवरदेवासकट.

सकाळी गावात परतल्यापासून जिनपालला पहिल्यांदाच हसू आलं होतं. घरी सून परका पुरुष आल्यासारखी दाराआड उभी राहिली. मुलगा आता बापापेक्षा थोराड दिसत होता. 'बाबा' म्हणताना अडखळला.

कट्ट्यावर आदगोंडा एकटाच होता. बाकीचे कट्टेकरी कधीच वर गेलेले. जिनपालनं मागून जाऊन त्याची टोपी उडवली.

"काय रे आद्या, जित्या माणसाला मारतोस व्हय?"

आदगोंडानं टोपी उचलून झटकली. "कोण पाहिजे आपल्याला?"

"बास की नाटक! हे बघ." जिनपालनं दात विचकले. "खरेखुरे उगवलेत. तीन महिने त्या कायाकल्पवाल्या संस्थेच्या कुटीत काळवेलीचा काढा ढोसला. कारलं गोड लागावं, असला कडू! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अंगात मूळपेशी झोपलेल्या असतात, कशाचंही रूप घेतील अशा. काढ्यानं त्या उठतात. मग नवी कातडी, नवे दात, सगळं नवं."

"माझ्या नाही उठल्या."

जिनपालचं तोंड मिटलं. तपासणीला दोघं जोडीनंच गेले होते. दोघांच्या रक्तात काढ्याचा थेंब टाकला. जिनपालच्या पेशी वाढायला लागल्या, आदगोंडाच्या ढिम्म पडून राहिल्या.

"तूच म्हणालास ना, जा म्हणून?"

"म्हणालो," आदगोंडा म्हणाला. "जिन्या जाईल असं वाटलं नव्हतं."

रस्त्यावरून एक टेम्पो कर्णा वाजवत गेला. तो गेल्यावर आदगोंडा सावकाश बोलायला लागला.

"फ्लेक्स गंमत म्हणूनच लावला. पण लोक खरंच भेटायला यायला लागले. हात धरून बसायचे. एक दिवस मीच त्या फोटोकडं बघितलं आणि रडू फुटलं. जिन्या माझ्याबरोबर म्हातारा झाला होता. तो गेला. रडून मोकळा झालो बघा."

बघा! ह्या माणसानं जिनपालला आजवर 'मुडद्या'शिवाय हाक मारली नव्हती.

"आद्या, शिवी दे की एक," जिनपाल हळूच म्हणाला. "कुणीच देत नाही रे आता."

तेवढ्यात चहावाली किटली घेऊन आली. तिनं दोघांच्या हातात पेले दिले, जिनपालला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"आजोबा, हे कोण? नातू का?"

"जिन्याचा नातू," आदगोंडा म्हणाला. "आजोबावर गेलाय."

जिनपाल वाकून त्याच्या पांढऱ्या मिशीकडं बघत राहिला. आद्या थट्टा करायला लागला की त्या मिशीचं डावं टोक थरथरायचंच, लाख दाबलं तरी. आदगोंडानं पेला तोंडाला लावला.

टोक हललं होतं का?